नाव गावाला, घर शहरात

मतदान न करणाऱ्या शहरी माणसाला उदासीन म्हणून आपण मोकळे होतो. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत मतदार नोंदणीच्या वेळी बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) मॅडमना मदत करू लागल्यापासून मला मात्र तो शब्द वापरवत नाही. मॅडम मूळच्या शिक्षिका. शाळा सुटली की याद्यांची पिशवी घेऊन जिने चढतात. दार उघडतं, पाणी विचारलं जातं आणि अर्ज पुढे केला की उत्तर येतं, “आमचं नाव गावाला आहे. राहू दे तिकडंच.”

असं म्हणणारी माणसं उदासीन नसतात. ग्रामपंचायतीच्या मतदानासाठी रजा टाकून रात्रीची एसटी पकडणारी ती माणसं असतात. गावच्या वॉर्डात दोन-चार मतांनी निकाल फिरतो, तिथं आपल्या मताचं वजन डोळ्यांना दिसतं. हजारोंच्या प्रभागात ते दिसत नाही. पण थोडं बोलत बसलं की दुसरं कारण पुढे येतं. नाव कमी केलं तर उद्या भावकीतलंच कुणी म्हणेल, तुझा इथं संबंध काय? जमिनीतल्या हिश्शाची ही धास्ती खरी असते, तिला आधार मात्र नसतो. सातबारा महसूल खात्याचा, वारसाहक्क वेगळ्या कायद्याचा. मतदार यादीतून नाव गेल्यानं गुंठाभरही जमीन जात नाही. भाड्याच्या घरांत नेमकी उलटी धास्ती असते. भाडेकरूनं या पत्त्यावर नाव लावलं तर तो घरावर हक्क सांगेल, असं घरमालकाला वाटतं. तेही खरं नाही. दोघांच्या भीतीमागे समज एकच : मतदार यादी म्हणजे मालकीचा कागद.

१९५०चा लोकप्रतिनिधित्व कायदा मालकी विचारतच नाही. माणूस सामान्यतः कुठं राहतो, एवढंच तो पाहतो. एखाद्या ठिकाणी घर आपल्या मालकीचं आहे म्हणून आपण तिथले रहिवासी ठरत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. नावही एकाच ठिकाणी ठेवता येतं. याच विचाराचं दुसरं टोक मला फार मोलाचं वाटतं. ज्याला घरच नाही, त्याच्याकडं पत्त्याचा पुरावा मागायचा नाही. बीएलओनं रात्री जाऊन तो तिथं खरंच झोपतो का, हे पाहायचं. गावात चौसोपी वाडा असणाऱ्याला मत तिथलं नाही आणि पुलाखाली झोपणाऱ्याला तिथलं आहे. लोकशाहीनं इतक्या सरळपणे माणसाचा ठावठिकाणा विचारावा, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

राहत्या जागी नाव आधीपासूनच का असावं लागतं, हे महापालिकेच्या निवडणुकीत कळतं. विधानसभेची यादी भारत निवडणूक आयोग तयार करतो. स्थानिक निवडणुका घेणारा राज्य निवडणूक आयोग नवी नावं नोंदवत नाही. एका ठरलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेऊन ती तो प्रभागांत विभागतो. प्रारूप यादी लागते, हरकती मागवल्या जातात, तेव्हा लोक धावत येतात. त्या वेळी चुकून शेजारच्या प्रभागात गेलेलं नाव परत आणता येतं. मुळात नसलेलं नाव घालता येत नाही. जानेवारी २०२६मध्ये महापालिकांचं मतदान झालं ते १ जुलै २०२५च्या यादीवर. पुणे महापालिकेत तर मार्च २०२२पासून नगरसेवकच नव्हते. इतकी वाट पाहून निवडणूक आली आणि मधल्या दिवाळीत अठरा पूर्ण केलेली मुलं बाहेरच राहिली.

म्हणून नोंदणीचं काम निवडणुकीची हवा नसताना करायचं असतं. अर्ज अवघड नाहीत. पहिल्यांदा नाव घालायला नमुना ६. पत्ता बदलला, लग्नानंतर आडनाव बदललं किंवा कार्डावर चूक असली तर नमुना ८. गावचं नाव इकडं आणायलाही तोच, म्हणजे जुनी नोंद वगळली जाते आणि दोन ठिकाणी नाव राहत नाही. पत्त्यासाठी वीजबिल, बँकेचं पासबुक किंवा नोंदणीकृत भाडेकरार चालतो. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण हवी असत. २०२२पासून १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही तारखा धरल्या जातात आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज देता येतो. मोबाइलवरही सगळं होतं. आणि कार्ड कपाटात असणं म्हणजे नाव यादीत असणं नव्हे. यादी दर निवडणुकीआधी उघडून पाहावी लागते.

मतदानही विधानसभेला आणि महापालिकेला सारखं नसतं. विधानसभेला एक बटण दाबलं की काम झालं. पुण्यात बहुसदस्य प्रभाग, त्यामुळे बहुतेक ठिकाणी चार जागांसाठी चार मतं द्यावी लागतात. एक बटण दाबून निघालेल्या माणसाला केंद्रावरचे कर्मचारी परत बोलावतात. एखाद्या जागेसाठी कुणीच पसंत नसेल तर तिथं ‘नोटा’ दाबायचं, पण चारही मतं पूर्ण करायची. म्हणजे महापालिका मतदाराकडून विधानसभेपेक्षा जास्त माहितीची अपेक्षा ठेवते आणि तिच्याविषयीच आपण सर्वांत कमी वाचतो.

गावाकडं नाव ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. एवढंच विचारतो, पाणी दिवसाआड आलं की फोन कुणाला करता? उत्तर नगरसेवकाचं असतं. पण उमेदवार प्रचाराला निघतो तेव्हा त्याच्या हातात यादी असते. ज्या इमारतीत राहणारे पुष्कळ आणि मतदार थोडे, तिच्या जिन्यापाशी तो फार वेळ थांबत नाही. यात त्याचा कोडगेपणा जितका, तितकाच आपला निर्णयही आहे. गावाशी नातं जपायला जत्रा आहे, शेत आहे, भावकीतली लग्नं आहेत. मताशिवाय ते तुटेल इतकं ते तकलादू नाही. शहराशी मात्र कर भरणं आणि तक्रार करणं सोडलं तर आपलं दुसरं नातं नाही. तिथं तक्रारीला वजन यायचं असेल, तर आधी नाव तिथं असावं लागतं.