चौथा हिस्सा

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला. गावात कुणाचा नवरा गेला तर तिचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढलं आणि बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असं कळवलं. ही गोष्ट त्याच तालुक्यातल्या एका गावची. हेरवाडच्या ठरावाला दोन वर्षं झाली होती.

आण्णा प्राथमिक शाळेतले मास्तर. पगारातून पैसे साठवून त्यांनी पन्नास गुंठे रान घेतलं होतं, त्यात ऊस. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. ऐन पेरणीच्या दिवसांत एके सकाळी ते गेले.

सोप्यात बायका जमल्या. एका थकलेल्या चुलतसासूनं रीत म्हणून आईचं मनगट धरलं. तेवढ्यात इचलकरंजीला दिलेली लेक मध्ये आली. "आजी, बांगड्यांना हात लावायचा न्हाई." थोरला भाऊ बहिणीच्या शेजारी येऊन उभा राहिला. धाकटाही आला. म्हातारीनं हात सोडला. आईच्या हातातल्या हिरव्या बांगड्या तशाच राहिल्या. मुलांनी त्या दिवशी केलं ते चांगलंच केलं. अशा वेळी उभं राहायला बळ लागतं आणि ते सगळ्यांना जमत नाही.

थोरला पुण्यात नोकरीला. बाप गेल्यावर त्यानं नेम धरला, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी गावी यायचंच. रात्रीच्या गाडीनं निघून पहाटे जयसिंगपूरला उतरायचा आणि आई चहा ठेवते न ठेवते तोवर कामाला लागायचा. सिलिंडर लावून दे, लाईटबिल भर, आठवड्याच्या गोळ्या सात खणांच्या डबीत घालून ठेव. मोरीत फरशी निसरडी होती, तिथं धरायला दांडी बसवली. दारावर कॅमेरा लावला, म्हणजे पुण्यात बसून आई दिसेल. फॅमिली पेन्शनचे कागद त्यानंच केले आणि नोव्हेंबरात एक दिवस रजा काढून हयातीच्या दाखल्यासाठी तिला बँकेत घेऊन गेला. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पोरगा असावा तर असा.

आई म्हणायची, "बस की जरा."

"आलोच, तेवढा नळ बघतो."

एकदा जेवताना ती म्हणाली, "परवा खालच्या बांधावरनं वर येताना गुडघ्यात कळ आली बघ." त्यानं ताट बाजूला सारून फोन उचलला आणि मिरजेतल्या हाडाच्या डॉक्टरांकडं सोमवारचा नंबर लावला. सोमवारी रजा काढून तिला दाखवूनही आणलं. पण तिला पुढं काहीतरी सांगायचं होतं, ते राहूनच गेलं. या वयात आई खालच्या बांधावर कशाला गेली होती, हे त्याला विचारावंसं वाटलं नाही.

दिवाळीनंतर दोघा भावांचं फोनवर ठरलं. रान शेजारच्याला वाट्यानं द्यायचं. घराला कुलूप लावायचं. आईनं सहा महिने पुण्यात राहायचं, सहा महिने मुंबईला धाकट्याकडं. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं लावायची आणि आई, बहीण यांच्याकडून हक्कसोड घ्यायची. आईचं नाव लावलं तर उद्या पुन्हा वारसाचं लचांड, म्हणून. यात कुणाला काही बळकवायचं नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं. आईला त्रास नको, एवढाच दोघांचा हेतू होता. अशा घरांमधून बाईचा हक्क बहुधा मायेपोटीच जातो, भांडणापोटी नाही. म्हणून तर तो गेल्याचं कुणाला कळत नाही.

थोरला कागद पुण्याहूनच टाईप करून घेऊन आला आणि तलाठ्याकडं गेला.

तलाठ्यानं मृत्यूचा दाखला पाहिला आणि विचारलं, "वारस किती?"

"आम्ही दोघं भाऊ."

"आई आहेत की न्हाई? बहीण?"

"आहेत. पण त्या हक्क सोडणार आहेत."

"ते नंतरचं. आधी वारस सगळे लागतात. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली, मृत्युपत्र नाही. मग बायको, दोन मुलं, एक मुलगी, चौघांना सारखा हिस्सा. हक्कसोड करायची तर शिरोळला दुय्यम निबंधकांकडं जाऊन नोंदवावी लागती, आणि ती राजीखुशीची लागती." मग पेनाचं टोपण लावत त्यानं सहज विचारलं, "आईंना विचारलंय न्हवं?"

थोरल्याला उत्तर सुचेना. गोळ्या घेतल्यास का, जेवलीस का, झोप लागते का, हे तो रोज फोनवर विचारत होता. हा प्रश्न मात्र एकदाही विचारला नव्हता.

घरी आला तर दाराला कडी. शेजारीण म्हणाली, "वयनी रानात गेल्यात. लाईट आलीया न्हवं का."

आई खालच्या बांधावर होती. पदर खोचलेला, हातात खोरं. एका सरीचं तोंड बुजवून ती पाणी पुढच्या सरीत वळवत होती. डोक्याच्या वर गेलेला ऊस, पण अगदी खालच्या कोपऱ्यात मात्र तो गुडघाभरच राहिला होता, पानं पिवळी. तिथली माती पायाला चिकटत होती आणि वरून पांढरी धूळ उठल्यासारखी दिसत होती.

"हेच तुला सांगायचं होतं," ती म्हणाली. "मीठ फुटलंय. गुडघ्यात कळ आली त्या दिवशी हेच बघून वर येत हुतो."

मग ती बोलत राहिली आणि तो पहिल्यांदाच काही न करता बांधावर बसून ऐकत राहिला. तुझ्या आण्णांना शाळा असायची, म्हणाली, रात्रीची लाईट आली की बॅटरी घेऊन पाणी पाजायला मीच यायची. ही ८६०३२ ची आडसाली लावण मीच करून घेतली. ज्याला वाट्यानं द्यायचं म्हणतोस तो मोटार चालू करून घरी जाऊन झोपतो. त्याच्या स्वतःच्या रानात सगळीकडं पांढरं झालंय. शिरोळ तालुक्यातली कितीतरी चांगली जमीन अशीच अति पाण्यानं आणि निचरा नसल्यानं क्षारपड झाली आहे. तिनं ते पुस्तकात वाचलं नव्हतं, शेजारच्या बांधावर पाहिलं होतं. त्यावरचा उपायही तिला ठाऊक होता. जमिनीखालून भोकाच्या पाईपा घालून पाणी ओढ्याला काढायचं.

"आणि पुण्याला?" त्यानं विचारलं.

"येईन की. तोड झाली की येतो. पर कधी यायचं ते मी सांगणार."

"सातबाऱ्याचं?"

"चौघांची नावं लाव. ताईचं पण. मी मेल्यावर परत वारस लावायला कागदाला काय जातंय?" खोरं बांधात रोवून ती म्हणाली, "त्या दिवशी माझ्या बांगड्या राखल्यासा. बरं वाटलं. पर त्यानंतर घरात एक गोष्ट मला विचारून झाली न्हाई बघ."

थोरल्यानं कागद पिशवीतून बाहेरच काढला नाही. दुसऱ्या दिवशी वारस नोंदीचा अर्ज चौघांच्या नावानं गेला. नोटिशीचे पंधरा दिवस गेले, हरकत आली नाही, मंडल अधिकाऱ्यानं फेरफार मंजूर केला. जानेवारीत तोड झाली. वरच्या रानात खोडवा ठेवला आणि उन्हाळ्यात खालच्या कोपऱ्यात पाईप घातले; ऊसबिलातले किती पैसे त्यात घालायचे ते आईनं ठरवलं. मधले दोन महिने ती पुण्याला राहून आली. थोरला अजूनही दुसऱ्या शनिवारी येतो, सिलिंडरही तोच लावतो. फक्त आधी चहा घेतो आणि आईचं बोलणं पुरं होईपर्यंत जागचा हलत नाही.

हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा आहे. तेव्हापासून नवऱ्यानं स्वतः कमावून मागं ठेवलेल्यात, मृत्युपत्र नसेल तर, बायकोचा हिस्सा मुलांच्या बरोबरीचा आहे. तुमचे वडील गेले असतील आणि येत्या शनिवारी तुम्ही गावी निघणार असाल, तर गोळ्या न्या, फळं न्या. पण हक्कसोडीचा कागद टाईप करून नेऊ नका. आधी बसा, आणि रानाचं, घराचं काय करायचं ते आईला विचारा.