ठेवायचा कोणाला?

फॅन्टसी फुटबॉल म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना इंग्लिश प्रीमियर लीग आठवते. मी बोलतोय ते अमेरिकन फुटबॉलबद्दल. लांबुळका चेंडू, हेल्मेटं, आणि दर काही सेकंदांनी थांबणारा खेळ. मी ओहायोतल्या कोलंबसमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि आमची ऑफिसातल्या बारा जणांची एक लीग आहे. ऑगस्टच्या शेवटी ड्राफ्ट होतो. बारा जण आळीपाळीने एनएफएलमधले खरे खेळाडू उचलतात, आणि ते खऱ्या मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्या खात्यात जमा होतात. ड्रीम इलेव्हनवाल्यांना ही भानगड समजावून सांगायला नको. फरक इतकाच की इथे उचललेला खेळाडू लीगमध्ये फक्त तुमचा असतो, आणि अख्खा सीझन असतो.

त्यात आमची ‘कीपर’ लीग. म्हणजे गेल्या वर्षीचा एक खेळाडू नव्या वर्षी ठेवून घेता येतो. पण फुकट नाही. तो ज्या राउंडमध्ये घेतला होता, तो राउंड सोडून द्यावा लागतो. सीझनच्या मधे, कुणीच न घेतलेला खेळाडू उचलला असेल तर मात्र फक्त शेवटचा राउंड जातो.

सगळी गोम या नियमात आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, सोपंय, सगळ्यात भारी तो ठेवायचा. चूक. पहिल्या राउंडमध्ये घेतलेला हिरा पहिल्या राउंडच्याच किमतीत ठेवलात तर कमावलंत काय? ठेवायचा तो, ज्याची लायकी आणि किंमत यांच्यातली फट सगळ्यात मोठी आहे. थोडक्यात, स्वस्तात पडलेला. इथले लोक याला ‘व्हॅल्यू’ म्हणतात, आणि हा शब्द इतक्या सहज वापरतात की त्यात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात हे लक्षातच येत नाही. एखाद्याचं मोल, आणि एखाद्यात आपला सुटणारा नफा.

२०२४च्या ऑगस्टमध्ये माझ्यासमोर दोन नावं होती. निक चब आणि पुका नाकुआ.

चब हा तेव्हा क्लीव्हलंड ब्राउन्सचा रनिंग बॅक. चेंडू पोटाशी धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसायचं, हे त्याचं काम. २०२२मध्ये त्याने १,५२५ यार्ड काढले आणि त्याच्या जोरावर मी, नियम नीट पाठ नसतानाही, लीगच्या फायनलपर्यंत गेलो. कमी बोलणारा, टचडाउन केल्यावर नाचबिच न करणारा माणूस. १८ सप्टेंबर २०२३ला पिट्सबर्गमध्ये त्याच्या डाव्या गुडघ्यावर टॅकल बसला. दृश्य इतकं वाईट होतं की प्रक्षेपण करणाऱ्यांनी रीप्ले दाखवायचं टाळलं. कॉलेजात असताना फाटलेला गुडघाही हाच.

त्याच सीझनला लॉस एंजेलिस रॅम्सचा नाकुआ उगवला. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये १७७वा निवडलेला पोरगा. पहिल्याच वर्षी १०५ कॅच आणि १,४८६ यार्ड, दोन्ही आकडे तेव्हा नवोदितांसाठी विक्रमी. आमच्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नव्हतं, मी नंतर उचलला. किंमत, शेवटचा राउंड.

मी स्प्रेडशीट केली. अर्थातच केली, इंजिनिअर आहे. पण तिची गरज नव्हती. चबसाठी दुसरा राउंड घालवायचा आणि नाकुआ सोडायचा, याचा विचारही कुणी करणार नाही. मी नाकुआला ठेवलं. तरी चबच्या नावापुढचं ‘रिलीज’चं बटण दाबताना काहीतरी अडलं, आणि मला त्या अडण्याचाच छडा लावायचा होता. चबला माझं अस्तित्वही माहीत नाही. मी सोडल्याने त्याचा एक पैसा बुडत नाही. मग मी कुणाचं काय देणं लागतो?

कांटच्या नीतिशास्त्रावरच्या व्याख्यानांत एक म्हातारा कुत्रा येतो. आयुष्यभर इमानाने राबलेला, आता निकामी. कांटच्या मते कुत्र्याचे आपल्यावर थेट उपकार-हक्क काही नसतात, पण मालकाने त्याला मरेपर्यंत सांभाळावं. नाहीतर मालकाच्या आतली माणुसकी मरते आणि तो माणसांशीही तसाच वागू लागतो. चब माणूस आहे, करोडपती आहे, आणि ही तुलना त्याच्याशी नाहीच. पण युक्तिवादाचा सांगाडा उसना घेता येतो. समोरच्याचं नुकसान नसलं तरी सवय आपल्याला लागते.

मला हे पूर्ण पटत नाही. बुद्धिबळात प्यादी मारणारे खुनी होत नाहीत. शिवाय उलट बाजूने एक खरं कर्तव्य आहेच. लीगमधल्या उरलेल्या अकरा जणांनी पैसे लावलेत, आणि प्रत्येक जण जिंकायचा प्रामाणिक प्रयत्न करेल याच भरवशावर खेळ चालतो. मी भावनेपोटी टीम कमकुवत केली तर माझ्याशी खेळणाऱ्यांना आयते गुण मिळणार आणि भलताच कुणीतरी वर चढणार. ज्याला मी माहीत नाही त्याच्याशी निष्ठा, आणि ज्यांना मी माहीत आहे त्यांच्याशी अन्याय, असा हा सौदा होतो.

तरीही अडतं, कारण हे गणित मी दुसऱ्या बाजूने पाहिलंय.

२०२३च्या सुरुवातीला आमच्या कंपनीत कपात झाली. आमच्या टीममधून गेला तो पन्नाशीचा एक क्लीव्हलंडकर, सतरा वर्षं तिथे असलेला. अर्धी सिस्टिम त्याने लिहिलेली, आणि मला कोड रिव्ह्यू कसा करायचा हेही त्यानेच शिकवलेलं. मी राहिलो. मी त्याच्यापेक्षा चांगला होतो म्हणून नाही. तसा दावा कुणीच केला नाही. मी त्याच्या कामाचा बराचसा भाग बऱ्याच कमी पगारात करू शकत होतो. मी शेवटच्या राउंडचा खेळाडू होतो. आपली निवड झाली याचा आनंद आणि आपण स्वस्त आहोत ही माहिती, दोन्ही एकाच ईमेलमधून आलं.

हा खेळ १९६२मध्ये बिल विंकेनबाक नावाच्या गृहस्थाने काढला, आणि तो ओकलंड रेडर्सच्या मालकांपैकी एक होता, हे कळल्यावर मला फार आश्चर्य वाटलं नाही. आपण सगळे आयुष्यभर नोकर, पण रविवारी मालकाच्या खुर्चीत बसून मालकाच्या डोळ्यांनी बघतो. मजा आहे ती तिचीच. खऱ्या एनएफएलमध्येही रनिंग बॅक म्हणजे पहिल्या चार वर्षांच्या स्वस्त करारात पिळून घ्यायची वस्तू झाली आहे. चबनेही दुखापतीनंतर पगार कमी करून घेतला, तेव्हा ब्राउन्सनी ठेवला.

मग उपाय काय, मालकांनी मन मोठं करावं? मला वाटतं, एकट्याच्या मनाच्या मोठेपणावर हे टाकणंच चुकीचं आहे. एकटा मोठेपणा करायला गेला तर तो हरतो, आणि वर इतरांचा खेळ बिघडवतो. जे करायचं ते नियमातच करावं लागतं. २०२५च्या आयपीएलसाठी चेन्नईने धोनीला ४ कोटींत ठेवलं ते आठवा. पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला भारतीय खेळाडू ‘अनकॅप्ड’ धरायचा, हा जुना नियम परत आणला गेला म्हणून ते जमलं. लोक हसले, मीही हसलो. पण तिथे कुणाला प्रेम आणि हिशोब यांतलं एक निवडावं लागलं नाही, कारण नियमाने त्या प्रेमाची किंमत परवडेल इतकी खाली आणली होती. (धोनीलाच का, बाकीच्यांना का नाही, हा वेगळा आणि रास्त प्रश्न.)

तो क्लीव्हलंडकर आमच्या लीगमध्ये अजून आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवरून काढायचा अधिकार एचआरकडे नसतो. मी सोडलेला चब ड्राफ्टमध्ये त्यानेच उचलला, आठव्या राउंडमध्ये, गुडघा बरा व्हायचा होता तेव्हा. २० ऑक्टोबरला चब घरच्या मैदानावर परतला. यार्ड फारसे मिळाले नाहीत, पण टचडाउन केला, आणि स्टेडियम दणाणून गेलं. त्याच सामन्यात ब्राउन्सचाच क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसन टाच धरून कोसळला, तेव्हा त्याच गर्दीतल्या काहींनी टाळ्या पिटल्या. वॉटसनवर लैंगिक गैरवर्तनाचे गंभीर आरोप झाले होते, तो राग होताच. पण २३ कोटी डॉलरच्या हमीच्या कराराचा रागही त्यात होता. तो महागात पडला होता.

गेल्या ड्राफ्टच्या आधी आमच्या क्लीव्हलंडकराने ग्रुपवर एक प्रस्ताव टाकला. सीझनभर जायबंदी राहिलेला एक खेळाडू, कीपर सोडून, शेवटच्या राउंडच्या किमतीत ठेवता यावा. मतदान झालं. पाच बाजूने, सात विरोधात. मी बाजूने मत दिलं, आणि मग जुन्याच नियमाने पुन्हा नाकुआला ठेवलं.