आपापला आकडा

घोटून केलेल्या दाढीत काही सद्गुण असतो की ती नुसती टापटीप, असा प्रश्न मी विचारला तर वाचक हसतील. परंतु माणूस दिवसातून एकदा स्वतःच्या तोंडाकडे सलग दहा मिनिटे पाहतो, ती वेळ हीच. त्या दहा मिनिटांत पाते गळ्यावरून फिरत असते आणि मनाला कुठेही जायची मुभा असते. माझे मन गेली काही वर्षे एकाच ठिकाणी जाते. ते ठिकाण कोणते हे सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. पण तिथे पोचण्याची वाट दाढीच्या यंत्रावरूनच जाते, त्याला माझा इलाज नाही.

साध्या सेफ्टी रेझरमध्ये पात्याची धार आणि तिच्याखालची पट्टी यांच्यातले अंतर कारखान्याने एकदाच ठरवून दिलेले असते. चेहरा कोणाचाही असो, अंतर तेच. मुळात वस्तऱ्याला आडोसा घालण्याची कल्पना फार जुनी. पेरे नावाच्या फ्रेंच सुरीकाराने अठराव्या शतकातच वस्तऱ्याला लाकडी आडोसा बसवला आणि १७६९ साली स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर एक ग्रंथच लिहिला. पुढे किंग कँप जिलेट या अमेरिकन गृहस्थाने फेकून देता येईल असे पातळ पाते काढले. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्याची अवघी ५१ यंत्रे खपली. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने तीच यंत्रे लाखांनी घेतली, आणि दाढी हे न्हाव्यापुढे मान देऊन बसण्याचे काम न राहता घरातल्या आरशासमोरचे काम झाले. अखेर १९५८ साली जिलेट कंपनीने दांड्याच्या गळ्याशी एक फिरते कडे बसवले व त्याच्यावर एकपासून नऊपर्यंत आकडे घातले. कडे फिरवावे तसे अंतर कमीजास्त होते. एकावर पाते नुसते शिवून जाते. नवावर ते केसाच्या मुळाशी भिडते.

असे १९६१ च्या नमुन्याचे एक यंत्र माझ्या मामांनी मला दिले. ते बडनेऱ्याला रेल्वेत होते, आणि मुंबईहून आणलेली ही वस्तू त्यांनी मखमलीत जपली होती. मामांच्या देणगीने मला नाद लागला. शिक्षकाच्या पगारात न शोभणारा हा नाद, पण विडीकाडीचा नाही म्हणून घरच्यांनी चालवून घेतला. पैसे साठवून जर्मनीतले मेर्कूर घेतले, आपल्याच देशात बनणारे पार्करचे घेतले, आणि एका माजी विद्यार्थ्याने कॅनडातले रॉकवेल पाठवले. चौघांचे स्वभाव वेगळे. मामांच्या यंत्राचा दांडा फिरवला की वरची दोन दारे उघडतात, पाते आत ठेवावे आणि दारे लावून घ्यावी. आकडा बदलताना बोटाला टिचटिच लागते, म्हणून अंधारातही चूक होत नाही. मेर्कूरचा माथा सबंध सुटा होतो. तो पुन्हा बसवताना खुणेवर खूण आली नाही तर आकड्याला अर्थ राहत नाही. पण त्याच्या एक ते पाच आकड्यांच्या मधल्या जागाही वापरता येतात, तेच पार्करचे. रॉकवेलला कडे नाहीच. तीन उलटसुलट बसणाऱ्या पट्ट्या आहेत, म्हणजे सहा अंतरे. जो एकदा आपले अंतर ओळखतो व पुन्हा बदलत नाही, अशा निश्चयी माणसाचे ते यंत्र.

या चौघांत उत्तम कोणते, असे पुष्कळजण विचारतात. मी उत्तर देत नाही. कारण एकाचा पाच म्हणजे दुसऱ्याचा पाच नव्हे. या आकड्यांना समाईक माप नाही. शिवाय गाल एकच असला तरी पाणी एक नसते. आमचे गाव दर्यापूर तालुक्यातले, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले. तिथल्या विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस धरत नाही. ब्रश घोळून घोळून हात दुखतो आणि गालावर नुसता पांढरा ओलावा राहतो. अशा ओलाव्यावर सातावर कडे ठेवणे म्हणजे चामडी सोलणे. अमरावतीत अप्पर वर्धा धरणाचे पाणी येते, अकोल्यात काटेपूर्णेचे; तिथे फेस साईसारखा येतो आणि तोच सात सुखाचा वाटतो. अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की मात्र घामानेच गाल चरचरतो, आणि शहाणा माणूस आकडा दोनाने उतरवतो. माझे कायमचे म्हणाल तर सात. तीन हात: सुलटा, आडवा, उलटा. माझी दाढी राठ, चामडी जाड. सातावर मला गुळगुळीत गाल मिळतो आणि रक्ताचा टिपूस येत नाही.

आता त्या ठिकाणाकडे येतो.

माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा बहुतेक गेली. त्यांना मी अमरावतीला आणले. गावी चाळीस वर्षे दर आठवड्याला नाना त्यांची दाढी करीत. काखेत धोकटी, तीत वस्तरा, तुरटी, नराणी आणि एक चपटी वाटी, एवढा त्यांचा संसार. वर्षाला ज्वारी नि तूर, हा त्यांचा मोबदला आजोबांच्या वेळेपासून ठरलेला. पुढे पैसे झाले. शहरात नाना कुठले? वडिलांची दाढी मीच करायची असे ठरवले, आणि खरे सांगायचे तर त्यात मला थोडा अभिमानही वाटला. मुलाच्या हातची सेवा! माझे सर्वांत चांगले यंत्र काढले, नवे पाते घातले, माझा आकडा ठेवला, आणि स्वतःची करतो तशी तीन हातांनी त्यांची दाढी घोटली. खोल गेलेल्या गालांवर दोन-चार ठिपके आले. तुरटी फिरवली. वडिलांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटले, बरे वाटत असावे.

असे दोन महिने चालले. एके दिवशी नाना भेटायला आले. वडिलांजवळ बसले, त्यांच्या हनुवटीवरून बोटे फिरवली आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "गुरुजी, हे दाढी तुमी तुमच्या गालाची केली का भाऊच्या?"

मी म्हणालो, "नाना, मी माझ्यासाठी वापरतो तेच सगळे यांच्यासाठी वापरले. काही कमी केले नाही."

"तेच तं म्हनतो म्या," नाना म्हणाले. "गालाले इचारा लागते, मंग हात फिरवा लागते."

मग त्यांनी धोकटी सोडली. ऊन पाण्यात पंचा पिळून तो वडिलांच्या तोंडावर किती वेळ धरून ठेवला. डाव्या अंगठ्याने चामडी ताणून, वस्तरा जवळजवळ आडवा धरून, तोकडे तोकडे सुलटे हात मारले. उलटा हात मारलाच नाही. जबड्याखाली खुंट राहिले, ते मी दाखवले तेव्हा म्हणाले, "राऊ द्या तेवढे. लगनाले जाचं हाय काय भाऊले?" वडिलांचे डोळे त्या सबंध वेळात उघडे होते. तेव्हा मला कळले, की दोन महिने मिटलेले डोळे सुखाचे नव्हते.

दुसऱ्याला आपल्यासारखे मानावे, आपल्याला जे हवे ते त्यालाही द्यावे, हा उपदेश गीतेपासून बायबलापर्यंत सर्वत्र आहे, आणि शाळेत मी तो वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे. मी वडिलांशी नेमका तसाच वागलो होतो! मला सोसते ते त्यांना सोसेल असे धरून चाललो होतो. आपल्याला जे आवडते ते दुसऱ्याला करू नका, त्याची आवड निराळी असेल, अशा अर्थाची थट्टा बर्नार्ड शॉने केली आहे. शॉ दाढी राखणारा होता, त्याला माझ्यावर हसण्याचा हक्क आहे. पण ती नुसती थट्टा नाही. आपल्यासारखे मानणे म्हणजे आपल्याइतकेच मोलाचे मानणे. आपल्याच चामडीचा मानणे नव्हे. या दोन अर्थांमध्ये अंतर केसाएवढे आहे, आणि रक्त त्या केसाएवढ्या अंतरातच येते.

वडिलांच्या गालावरचे ठिपके चार दिवसांत भरून आले. दुसरा एक ठिपका भरलेला नाही. त्याआधी पुष्कळ वर्षे मी अकोल्याकडच्या एका शाळेत होतो. नववीच्या एका मुलाने निबंध लिहून आणला. तो शब्दशः मार्गदर्शकातून उतरवलेला होता. मी तो सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचला आणि मग मार्गदर्शकातले पान वाचले. पोरे हसली. माझ्या लहानपणी माझ्या गुरुजींनी मला याहून कडक शब्दांत झोडपले होते, आणि त्या झोडपण्यानेच मी लिहिता झालो असे मी आजही मानतो. जे मला लाभले तेच मी त्याला दिले. तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून आला नाही. वडील नव्हते, आई कपाशी वेचायला जाई. तो वर्गात टिकून होता तो केवळ कोणाच्या नजरेत न येता, हे मला मागाहून कळले. चार-पाच वर्षांनी मूर्तिजापूरच्या एस.टी. स्थानकावर तो चहाच्या गाड्यावर भेटला. त्याने हात पुसून मला वाकून नमस्कार केला, चहाचे पैसे घेतले नाहीत. रागावला असता तर बरे झाले असते.

इथे कोणी विचारील, मग काय प्रत्येकाचा आकडा निराळा म्हणून नकलेला नक्कल म्हणायचे नाही? ज्याची चामडी मऊ त्याला सगळे माफ? तसे झाले तर नीतीला काही कणाच उरणार नाही. हा आक्षेप मला गंभीर वाटतो, आणि त्याचे उत्तरही मला यंत्रानेच दिले. कडे फिरवल्याने पाते बोथट होत नाही. एकावरही ते तितकेच धारदार असते. बदलते ते फक्त अंतर. उलट नाजूक गालाला बोथट पाते लावून पाहा. ते केस कापीत नाही, ओढते, आणि धारदार पात्याहून जास्त दुखवते. त्या मुलाशी गुळमुळीत खोटे बोलणे हे बोथट पाते झाले असते. निबंध उतरवलेला आहे हे सत्य त्याला कळायलाच हवे होते. ते वर्ग सुटल्यावर, एकट्याला बाजूला घेऊन, "तुझ्या आईबद्दल पाच ओळी तुझ्या तू लिहून आण" असे सांगूनही कळले असते. सत्य तेच, अंतर वेगळे.

आमच्या वऱ्हाडात हे साधलेला माणूस होऊन गेला. गाडगेबाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात जन्मले आणि १९५६ साली अमरावतीच्या वाटेवरच गेले. कर्ज काढून सण करणाऱ्याला, देवापुढे बकरे कापणाऱ्याला त्यांनी काय कमी बोल लावले? पण ते आधी गावाचा रस्ता झाडीत आणि मग कीर्तनाला उभे राहत. कीर्तनातही ते निकाल देत नसत, लोकांच्याच बोलीत प्रश्न विचारीत. उत्तर लोकांच्याच तोंडून निघे. धार तीच ठेवून ती ऐकणाऱ्याच्याच हातात देण्याची ही रीत. तिने जखम क्वचितच होत असेल.

आणि काही ठिकाणी कोणताच आकडा योग्य नसतो, हेही सांगितले पाहिजे. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून ठरवले, की विधवांचे केशवपन यापुढे आपण करायचे नाही. रूढी सांगत होती, घरचे कर्ते पुरुष सांगत होते, त्यात त्यांची मिळकतही होती. केशवपन हळुवार हाताने करावे की कडक, याची चर्चा त्यांनी केली नाही. त्यांनी वस्तरा खाली ठेवला. माझ्या चारही यंत्रांत शून्याचा आकडा नाही. तो माणसाने आपल्या मनात कोरून ठेवायचा असतो.

राहता राहिला प्रश्न, दुसऱ्याचा आकडा ओळखावा कसा? मी नानांना तो विचारला होता. त्यांनी सरळ उत्तर दिले नाही, पण त्यांचा हात पाहून मी दोन गोष्टी शिकलो. पहिली, आधी पाणी आणि बोट, मग लोखंड. दुसरी, सुरुवात नेहमी हलक्या हाताने. कमी निघाली तर पुन्हा हात मारता येतो. जास्त निघाली तर गालाला परत लावता येत नाही. म्हणून कडे एकावरून वर चढवावे, नवावरून खाली आणू नये.

वडील त्यानंतर वर्षभर होते. नाना दर महिन्याला येऊ लागले, मधल्या दाढ्या मी दोनावर करीत असे. जबड्याखाली खुंट राहत. ते राहू देत असे.

आमच्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्या दिवशी समोर साठ नवे चेहरे असतात, आणि एकाच्याही कपाळावर आकडा लिहिलेला नसतो. पूर्वी मी वर्गात शिरताच आवाज चढवीत असे, म्हणजे वर्षभर वचक राहतो. आता पहिला आठवडा मी फारसे बोलत नाही. मुलांची नावे विचारतो, गाव विचारतो, गावात पाणी गोडे आहे की खारे ते विचारतो. मुलांना वाटते, मास्तरांना भूगोलाचा नाद आहे.