लेकरांचे प्रश्न व आईबापांचे कर्तव्य

मूल बोलू लागले म्हणजे घरात मोठा आनंद होतो. त्याचा पहिला शब्द आई शेजारणींना कौतुकाने सांगते, आणि बाप शेतावरून परत येताच तोच शब्द त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतो. परंतु तेच मूल तीन-चार वर्षांचे होऊन "हे काय?", "हे कोणी केले?", "असे का?" असे विचारू लागले, म्हणजे ह्या आनंदाला ओहोटी लागते. ज्या जिभेने बोलावे म्हणून आपण वर्षभर आर्जवे केली, तिनेच आता गप्प राहावे म्हणून आपण डोळे वटारतो. हा विषय केवळ घरगुती सोयीचा आहे असे पुष्कळांस वाटते. आमच्या मते तो नीतीचा विषय आहे. जो आपल्यावर सर्वस्वी विश्वास टाकून विचारतो, त्यास खरे सांगण्याचे ऋण आपल्यावर आहे की नाही, हा येथे मुख्य प्रश्न होय.

प्रथम ह्या प्रश्नांचे मान किती असते ते पाहू. स्वित्झर्लंडातील विख्यात बालमानसशास्त्रज्ञ झां पियाजे ह्यांनी इ. स. १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात एका सहा वर्षांच्या मुलाच्या प्रश्नांचा विचार केला आहे. सुमारे दहा महिन्यांच्या अवधीत टिपून घेतलेले त्याचे प्रश्न १,१२५ भरले. पुढे इ. स. २००७ साली मिशेल शुईनार्ड ह्या संशोधिकेने चार मुलांचे वडील माणसांशी झालेले संभाषण तपासले. सुमारे २२९ तासांच्या त्या संभाषणात त्या चौघांनी २४,७४१ प्रश्न विचारलेले आढळले; म्हणजे ताशी सरासरी शंभराहून अधिक. हे आकडे वाचून कोणी आई कपाळास हात लावील, पण तिला एक समाधानही वाटेल. आपलेच पोर जगावेगळे भंडावून सोडणारे नाही, मुलाची जातच अशी आहे, हे तिला कळेल.

आता कोणी म्हणेल की, मुले उगाच बोलण्यासाठी बोलतात. त्यांना उत्तर थोडेच हवे असते? हे म्हणणे अनुभवास व शोधास धरून नाही. इ. स. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, मुलास कारण समजावून सांगितले म्हणजे ते मान हलवून मान्य करते किंवा त्याच्या पुढचा प्रश्न विचारते. परंतु कारण न सांगता भलतेच काही सांगितले, तर ते पहिलाच प्रश्न पुन्हा विचारते, अथवा स्वतःच एखादे कारण कल्पून घेते. ह्यावरून उघड होते की, ज्या "का? का?"चा आपणांस त्रास होतो, तो पुष्कळदा आपल्याच टाळाटाळीचे फळ असतो. भुकेल्यास भाकरी न देता खेळणे दिले, तर तो पुन्हा भाकरी मागणारच.

आपल्या घरांतून मुलांच्या प्रश्नांस मिळणाऱ्या उत्तरांचे बहुधा तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार दटावणीचा. "डोके खाऊ नकोस", "नसत्या चौकशा कशाला?", "लहान तोंडी मोठा घास घेऊ नये", अशी वाक्ये आपल्या ओठांवर तयारच असतात. दुसरा प्रकार भीतीचा. मुलाने अंधाराविषयी विचारले की बागुलबुवा उभा राहतो. विहिरीत का डोकावू नये असे विचारले की आतली हडळ ओढून नेते. फारच विचारले तर पोलिस येतो. तिसरा प्रकार लबाडीचा. हा दिसावयास सर्वांत सौम्य, पण आमच्या मते सर्वांत घातक आहे. दटावणीने मूल गप्प बसते आणि भीतीने दबते. परंतु लबाडी उघडकीस आली म्हणजे त्याचा आईबापांच्या शब्दावरील विश्वासच ढळतो.

मृत्यूचेच उदाहरण घ्या. आजोबा वारले, मूल विचारते, "आजोबा कोठे गेले?" कोणी सांगतो, "गावाला गेले." मग ते मूल रोज सायंकाळी मोटारीच्या थांब्याकडे डोळे लावून बसते. कोणी सांगतो, "झोपले आहेत." मग तेच मूल रात्री अंथरुणावर पडताच रडू लागते, कारण झोपलेला मनुष्य पुन्हा उठत नाही अशी त्याची समजूत झालेली असते. मेलेला परत येत नाही, त्याच्या शरीराचे सर्व व्यापार थांबतात आणि मरण सर्वांसच आहे, ह्या गोष्टी मुलांस बहुधा पाच ते सात वर्षांच्या सुमारास उमजू लागतात, असे अभ्यासक सांगतात. तोवर त्यांना साधे व खरे शब्द हवेत. "आजोबांचे शरीर फार थकले होते, ते आता चालायचे थांबले. ते परत येणार नाहीत. आम्हांलाही वाईट वाटते." एवढे सांगितल्याने मूल रडेल, पण फसणार नाही. पुष्कळ वेळा त्याच्या प्रश्नाच्या आत दुसराच प्रश्न लपलेला असतो. "आई, तूही मरशील?" असे विचारणाऱ्या मुलास मरणाचे तत्त्वज्ञान नको असते, "मग मला जेवू कोण घालील?" हे त्यास विचारावयाचे असते. त्या लपलेल्या प्रश्नास उत्तर देणे हेच खरे उत्तर होय.

जन्माविषयीचीही गोष्ट तशीच. "तुला दवाखान्यातून विकत आणले" असे सांगून घरातील मंडळी हसतात. मूल मात्र त्या हसण्यावरून एवढेच शिकते की, शरीरासंबंधी काही विचारणे लाजिरवाणे आहे. ह्याचा परिणाम हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उद्या एखाद्या दुष्ट मनुष्याने त्या लेकरास वाईट हेतूने स्पर्श केला, तर ते सांगणार कोणास? मुलांवरील अशा अत्याचारांस शिक्षा देणारा कायदा इ. स. २०१२ साली झाला आहे; परंतु पुष्कळदा तो कायदा जागा होण्यापूर्वी मुलाने तोंड उघडावे लागते, आणि ते तोंड आपण चौथ्या वर्षीच बंद केलेले असते. "तू माझ्या पोटात वाढलास, आणि दिवस भरल्यावर दाईच्या मदतीने बाहेर आलास", एवढे सत्य लहानग्यास पुरते, व त्यात लाजण्यासारखे काही नाही.

ह्यावर दोन आक्षेप येतात, ते आम्ही टाळू इच्छीत नाही. पहिला असा की, दिवसभर शेतात राबून आलेल्या, पाणी भरून थकलेल्या आईने शंभर प्रश्नांस उत्तरे द्यावी कशी? हा आक्षेप खरा आहे, आणि अशा आईस उपदेशाचे आणखी एक ओझे देणे आम्हांस शोभणार नाही. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याच क्षणी दिलेच पाहिजे असा नियम नाही. "आता माझे हात गुंतले आहेत, जेवताना सांगेन", असे म्हणणे हे खोटे नव्हे. फक्त जेवताना आठवणीने सांगितले पाहिजे. दिलेला शब्द आईने पाळला, तर उत्तराबरोबर वचनपालनाचा धडाही मुलास फुकट मिळतो. दुसरा आक्षेप असा की, सर्वच सत्य मुलास सांगण्याजोगे नसते. हेही खरे. परंतु कमी सांगणे आणि खोटे सांगणे ह्यांत अंतर आहे. लहान मुलास आपण अर्धीच भाकरी देतो, कारण त्याचे पोट लहान असते. म्हणून कोणी तिच्यात माती कालवीत नाही. सत्याचा घास लहान असावा, पण तो सत्याचाच असावा.

आणखी एक अडचण पुष्कळ आईबाप मनातल्या मनात बाळगतात. "आम्ही शिकलेले नाही, आम्हांस उत्तरे कोठून येणार?" ही भीती अनाठायी आहे. इंग्लंडातील बार्बरा टिझार्ड व मार्टिन ह्यूझ ह्यांनी इ. स. १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे चार वर्षांच्या तीस मुलींचे बोलणे घरी व बालशाळेत ऐकले. मुली घरी आईस ताशी सरासरी २६ प्रश्न विचारीत. बालशाळेत तेच प्रमाण अवघे दोनवर आले. ह्यांपैकी निम्म्या मुली कामकरी वर्गातील होत्या, आणि त्यांच्या घरीही विचारपूर्ण संभाषण चाले. तेव्हा आईची चूल हीच मुलाची पहिली शाळा होय, हे केवळ भाषणात बोलावयाचे वाक्य नव्हे.

चुलीपाशी बसलेले मूल विचारते, "भाकरी का फुगते?" ज्या आईने हजारो भाकऱ्या भाजल्या, तिच्याजवळ उत्तर आहेच. पिठातील पाण्याची वाफ होते. वर व खाली पापुद्रा धरलेला असल्याने ती आत कोंडते, आणि वरचा पापुद्रा उचलला जातो. भाकरीस भोक पडले की वाफ निसटते आणि ती फुगत नाही, हेही आई तेथल्या तेथे दाखवू शकते. चांदण्या रात्री बैलगाडीत बसलेले मूल विचारते, "चांदोबा आपल्याबरोबर का चालतो?" बापाने त्यास रस्त्याकडेची बाभूळ दाखवावी, ती झटकन मागे पडते. मग दूरचा डोंगर दाखवावा. तो बराच वेळ जागचा हलत नाही. चंद्र तर त्याहून कितीतरी दूर, सुमारे ३,८४,००० किलोमीटरांवर आहे. म्हणून आपण कितीही चाललो तरी तो मागे पडलेला दिसत नाही. आणि जेथे उत्तर खरोखरच ठाऊक नसेल तेथे "मला ठाऊक नाही, आपण गुरुजींना विचारू" असे सांगण्यात कमीपणा नाही. आपल्या बापासही शिकावयाचे आहे, हे पाहून मुलाची शिकण्याची लाज जाते.

मुलाचा प्रश्न हा उपद्रव नसून शिक्षणाचा दरवाजा आहे, हे प्राचीन लोकही जाणत होते. यार्देन उतरून गेल्यावर इस्राएल लोकांनी नदीतील बारा धोंडे आणून गिलगाल येथे उभे केले. पुढे मुलांनी "हे धोंडे कशाचे?" असे विचारावे व बापांनी त्यांस इतिहास सांगावा, हा त्यातील हेतू यहोशवाच्या पुस्तकात स्पष्ट दिला आहे. म्हणजे मुलाचा प्रश्न तेथे गृहीतच धरला आहे. आजही यहूदी घरांतून वल्हांडणाच्या रात्री सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारावयाचे, अशी चाल आहे.

कठोपनिषदातील नचिकेताची कथा मात्र दुसऱ्या बाजूची आहे. बाप दान म्हणून म्हाताऱ्या, भाकड गाई देत आहे हे पाहून त्या बालकाने विचारले, "मला कोणास देणार?" एकदा, दोनदा, तीनदा विचारले, आणि बाप संतापून म्हणाला, "मृत्यूला!" बापास राग आला तो प्रश्नाच्या पुनरुक्तीचा, की त्या प्रश्नाने आपले दान उघडे पाडले ह्याचा? वाचकांनी ह्याचा विचार करावा. आणि हेही ध्यानात घ्यावे की, यमाने वर दिला तेव्हा त्या मुलाने पहिल्या वराने बापाचा राग शांत व्हावा एवढेच मागितले.

आम्हांस असे वाटते की, आपली खरी कसोटी आकाश, चंद्र अथवा मरण ह्यांविषयीच्या प्रश्नांनी होत नाही. ती होते आपल्या आचरणाविषयीच्या प्रश्नांनी. "त्या काकूंना वेगळ्या पेल्यात चहा का देता?" "बाबा सायंकाळी आईला का मारतात?" "दादाला शाळेत घातले, मला का नाही?" ह्या प्रश्नांस खरे उत्तर द्यावयाचे तर आपणांसच बदलावे लागते, म्हणून आपण चटकन म्हणतो, "तुला काय करायचे आहे?" मुलीस तर हे वाक्य मुलाहून लवकर व अधिक वेळा ऐकावे लागते, आणि अखेर ती विचारीनाशी होते. आपण तिला मग शहाणी म्हणतो! ज्या घरात असा प्रश्न दडपला जातो, त्या घरात अन्याय एक पिढी अधिक जगतो. कारण ज्याने विचारणे सोडले तो मोठेपणी तेच वेगळे पेले फडताळात जपून ठेवतो.

आज खेड्यापाड्यांतूनही मोबाइल फोन पोहोचला आहे. आईबापांनी न दिलेली उत्तरे मूल त्यात शोधू लागते, आणि तेथे उत्तर देणारा कोण, त्याचा हेतू काय, हे त्यास कळत नाही. तेव्हा प्रश्न आहेत तोवरच, ते आपल्याकडे येत आहेत तोवरच, त्यांचा आदर करावा. प्रश्न विचारण्याचे हे वय लवकर सरते. चार वर्षांचे मूल आपणांस पदर धरून विचारते; चौदाव्या वर्षी त्याने आपणहोऊन येऊन विचारावे असे वाटत असेल, तर त्याची पेरणी आजच केली पाहिजे. आज सायंकाळी लेकराने "असे का?" म्हणून विचारले, तर हातातील काम क्षणभर बाजूस ठेवून त्याच्याकडे वळावे, थोडेच पण खरे सांगावे, आणि ते पुढे काय विचारते ते ऐकावे, एवढीच आमची आमच्या वाचकांस विनंती आहे.