शेजाऱ्याच्या छतावरची ओल

सदाचाराच्या प्रश्नांचा विचार करू लागलो म्हणजे आपले मन सहसा मोठ्या विषयांकडे धाव घेते. युद्ध आणि शांती, जीवन आणि मृत्यू, संपत्ती आणि दारिद्र्य हे विषय गहन आहेतच. परंतु माणसाच्या विवेकबुद्धीची कसोटी पुष्कळदा अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या जागी लागते. न्हाणीघर ही अशीच एक जागा आहे. वरच्या मजल्यावरील न्हाणीघरातून पाणी झिरपते, खालच्या घराच्या छतावर ओलीचा डाग उमटतो, आणि वर्षानुवर्षे नाताळच्या फराळाची ताटे एकमेकांकडे पाठवणारी दोन कुटुंबे जिन्यात समोरासमोर आली तरी बोलेनाशी होतात. या भांडणात वरच्या घरमालकाचे उत्तर बहुधा ठरलेले असते : ‘आमच्या बाथरूममध्ये तर सगळे कोरडे आहे.’ हे उत्तर पुष्कळदा खरेही असते. प्रश्न एवढाच की, ते पुरेसे आहे काय? आपल्यामुळे दुसऱ्याचे नुकसान होत आहे हे आपल्याला दिसत नसेल, तर आपण निर्दोष ठरतो काय?

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न पडला नाही. वसईच्या वाड्यांतील जुन्या घरांत न्हाणी परसदारी असे. विहिरीचे पाणी हंड्याने आणावे, दगडावर बसून अंघोळ करावी, आणि सांडलेले पाणी केळीच्या नाहीतर अळूच्या बुंध्याशी जावे, अशी ती व्यवस्था होती. तेथे मुरलेले पाणी जमिनीत मुरे. कोणाच्या डोक्यावर ठिबकत नसे. १९८० नंतरच्या दशकांत वसई-विरारच्या पट्ट्यात इमारतींची दाटी झाली आणि आपण एकाच्या डोक्यावर दुसरा असे राहू लागलो. त्याबरोबर एक गोष्ट मूलतः बदलली. आपली फरशी हे दुसऱ्याचे छत झाले. चार-पाच इंच जाडीचा एकच स्लॅब. त्याची वरची बाजू एकाची आणि खालची बाजू दुसऱ्याची.

गळती कशी होते हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण या प्रश्नातील नैतिक गुंता त्या रचनेतच दडलेला आहे. न्हाणीघराचा स्लॅब बहुधा उरलेल्या घरापेक्षा खोलगट ठेवलेला असतो. त्या खोलगट भागावर जलरोधक थर देतात, त्यातून सांडपाण्याचे नळ फिरवतात, विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि वर लादी बसवतात. लाद्यांच्या सांध्यांतील सिमेंट झिजले, नहाणी ट्रॅपच्या कडेला चीर पडली किंवा शौचकूपाचा सांधा सैल झाला, की पाणी त्या भरावात उतरते आणि वाडग्यात साठावे तसे साठते. वर लादी कोरडी ठणठणीत, आणि खाली विटांचे तुकडे महिनोन्‌महिने भिजत पडलेले. काँक्रीटमधील अल्कधर्मी गुणामुळे आतील लोखंडी सळ्यांचे गंजापासून रक्षण होत असते. पाणी आणि हवा यांचा शिरकाव होत राहिला की हे संरक्षण हळूहळू नाहीसे होते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते; सळी फुगते, काँक्रीटला तडा जातो, आणि एके दिवशी छताचा तुकडा सुटून खाली कोसळतो. त्या वेळी खाली कोण झोपलेले असेल, हे वरच्या माणसाला ठाऊक नसते.

यातून एक विलक्षण सत्य हाती येते. दोष एका घरात असतो आणि त्याची खूण दुसऱ्या घरात उमटते. जो नुकसान करतो त्याला काहीच दिसत नाही. ज्याला दिसते त्याला कारणापर्यंत पोहोचण्याची वाट नाही, कारण ती वाट वरच्या घराच्या दारातून जाते. वरच्या माणसाने दार उघडल्यावाचून सत्य कळणे शक्यच नाही. म्हणून ‘मला काही दिसत नाही’ हे वाक्य येथे पुरावा म्हणून निरुपयोगी आहे. जेथे खूण उमटणारच नाही तेथे उभे राहून ते उच्चारलेले असते.

कायदा या बाबतीत बराच पुढे गेला आहे. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून, बाहेरील सामाईक नळांतून वा मलवाहिनीतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करावयाची असते; सदनिकेतील शौचालय, मोरी इत्यादींमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च त्या त्या सदनिकाधारकाने सोसावयाचा असतो. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने बांधकामातील दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून ५ वर्षांपर्यंत विकासकावर टाकली आहे. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम तर त्याहून सूक्ष्म विचार करतो. विक्रेत्याला माहीत असलेला, खरेदीदाराला माहीत नसलेला आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याला सापडू न शकणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड केलाच पाहिजे. न केल्यास ती लबाडी ठरते, असे तो सांगतो.

परंतु या शेवटच्या कलमातील एक शब्द लक्षात घ्यावा : ‘माहीत असलेला’. जो दोष विक्रेत्याला माहीतच नाही, त्याची जबाबदारी हे कलम त्याच्यावर टाकत नाही. येथेच एक पळवाट सापडते. माहीत झाले तर सांगावे लागेल. म्हणून माहीत करूनच घ्यायचे नाही. प्लंबरला बोलावले तर तो लादी फोडायला सांगेल. म्हणून त्याला बोलवायचेच नाही. कायदा या माणसाला कदाचित पकडू शकणार नाही. विवेकबुद्धीला मात्र तो चांगला ओळखीचा आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात ‘सुम्मा थिऑलॉजिका’ या ग्रंथात अज्ञानाचा सखोल विचार केला आहे. प्रयत्न करूनही जे अज्ञान दूर होऊ शकत नाही, त्याबद्दल माणूस दोषी नाही. जे जाणून घेणे आपले कर्तव्य होते आणि शक्यही होते, ते हयगयीमुळे न जाणणे हा दोष आहे. आणि आपल्या वागण्याला अडसर होऊ नये म्हणून मुद्दाम अज्ञानात राहणे, हा तर उघड उघड इच्छेचाच भाग आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात हाच धागा पुढे नेला : अपरिहार्य अज्ञानामुळे विवेकबुद्धी चुकली तरी तिची प्रतिष्ठा नष्ट होत नाही; पण सत्य शोधण्याची ज्याला फिकीरच नाही, त्याला हा आधार घेता येत नाही. खालच्या शेजाऱ्याने दारावरची घंटा वाजवून ‘आमच्या छताला ओल आली आहे’ असे सांगितले, त्या क्षणापासून वरच्या माणसाचे अज्ञान अपरिहार्य राहिलेले नाही. निर्गमच्या पुस्तकातील मारक्या बैलाचा नियम हेच सांगतो. बैल मारका असल्याची ताकीद धन्याला अगोदर मिळालेली असेल, तर बैलाच्या कृत्याची जबाबदारी धन्यावर येते. अनुवादाच्या पुस्तकात तर ताकिदीचीही वाट पाहिलेली नाही : नवे घर बांधताना गच्चीला कठडा घाल, म्हणजे तेथून कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही.

घराच्या तपासणीचा सर्वांत विस्तृत विचार मात्र लेवीयच्या चौदाव्या अध्यायात आहे. पवित्र मिस्सेत हा भाग आपल्या कानांवर क्वचितच पडतो. भिंतीवर हिरवट वा तांबूस डाग दिसले आणि ते पृष्ठभागापेक्षा खोल गेलेले वाटले, तर घरधन्याने स्वतः याजकाकडे जाऊन सांगावयाचे. याजकाने आत जाण्यापूर्वी घर रिकामे करवून घ्यावयाचे, म्हणजे घरातील सामानसुमान अशुद्ध ठरून विनाकारण नुकसान होणार नाही. मग पाहणी करून घर सात दिवस बंद ठेवावयाचे आणि सातव्या दिवशी पुन्हा पाहावयाचे. डाग पसरला असेल तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकावेत, आतला गिलावा खरवडून नवा करावा. त्यानंतरही डाग परतला, तरच घर पाडावे. आणि परतला नाही, तर घर शुद्ध झाल्याचे याजकाने जाहीर करावे.

या नियमावलीतील संयम वाखाणण्याजोगा आहे. आरोप झाला म्हणजे दोष सिद्ध झाला असे ती मानत नाही. वरच्या मजल्यावरील माणसालाही न्याय मिळाला पाहिजे, हे येथे विसरता कामा नये. पाणी नेहमी सरळ खाली उतरत नाही. ते स्लॅबच्या उताराने, कधी वायरिंगच्या नळीतून दूरवर जाऊन भलतीकडेच डाग उमटवते. बाहेरील सामाईक नळ फुटलेला असतो आणि बोट वरच्या कुटुंबाकडे दाखवले जाते. म्हणून फोडाफोडी करण्याआधी क्रमाने तपास करावा. घरातील सर्व नळ रात्री बंद करून मीटर फिरतो काय ते पाहावे. फिरत असेल, तर शुद्ध पाण्याच्या नळात गळती आहे. कुटुंब गावी गेले असता खालची ओल सुकत असेल, तर दोष सांडपाण्याच्या मार्गात किंवा फरशीत असण्याचा संभव अधिक. फ्लशच्या टाकीत थोडा रंग टाकून, फ्लश न करता तो शौचकूपात उतरतो काय ते पाहावे. लादीवर हलकेच ठोकून कोठे पोकळ आवाज येतो ते ऐकावे. शेवटी नहाणी ट्रॅपचे तोंड बंद करून फरशीवर थोडे पाणी २४ तास तुंबवून ठेवावे आणि खालच्या घरातून छताचे निरीक्षण करावे. ही शेवटची तपासणी एकट्याने होऊच शकत नाही. तिला दोन्ही घरांची दारे उघडी लागतात. भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांना एकत्र आणणारी याहून चांगली युक्ती एखाद्या धर्मगुरूलाही सुचणार नाही.

खर्चाचा प्रश्न उरतोच. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्ध दांपत्याला न्हाणीघर खणून पुन्हा बांधणे सहज शक्य नसते. अशा वेळी संस्थेने हप्ते बांधून द्यावेत, खालच्याने थोडी मुदत द्यावी, धर्मग्रामातील सेवाभावी मंडळाने हातभार लावावा. ऐपत नसणे हा दोष नव्हे. ऐपत नाही म्हणून तपासच टाळणे आणि शेजाऱ्याला खोटे पाडणे हा दोष आहे.

याहून गंभीर दोष म्हणजे रंगसफेदी. घर विकावयाचे ठरले की छताचा पोपडा खरवडून वर पांढरा रंग मारला जातो. एक पावसाळा लोटला की डाग पुन्हा वर येतो, पण तोवर खरेदीखत झालेले असते. एखाद्या तरुण जोडप्याने २० वर्षांच्या कर्जावर घेतलेले ते घर असते. यहेज्केल संदेष्ट्याने खोट्या संदेष्ट्यांना नेमका हाच दाखला देऊन फटकारले आहे : लोक कच्ची भिंत उभारतात, तुम्ही तिला चुना फासता, पाऊस येईल आणि भिंत चुन्यासकट कोसळेल.

जो नियम आपल्या घराला, तोच देवाच्या घराला. ख्रिस्तसभेतही काही माणसे वर बसतात आणि काही त्यांच्या खाली राहतात. लहानग्यांवर झालेल्या अत्याचारांच्या तक्रारी जगाच्या अनेक भागांत दशकानुदशके खालून वर येत राहिल्या, आणि वरून ‘आमच्याकडे सगळे कोरडे आहे’ हेच उत्तर मिळत राहिले. चुना फासला गेला आणि ओल आत पसरत गेली. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी अशी माहिती कळल्यास ती वरिष्ठांपर्यंत पोहोचवणे धर्मगुरू आणि व्रतस्थांना बंधनकारक केले. तक्रार करणाऱ्याला ख्रिस्तसभेचा शत्रू समजण्याची सवय मोडावयाची असेल, तर छताखालच्या माणसाचे म्हणणे हा आपल्याच घराविषयीचा पुरावा आहे, हे प्रथम मान्य करावे लागेल.

विवेक-परीक्षणाची आपली नित्याची पद्धत आपल्या स्वतःच्या आठवणीवर अवलंबून असते. झोपण्यापूर्वी आपण दिवसभरातील वागणूक आठवतो, आणि जे आठवले त्याची क्षमा मागतो. ही पद्धत चांगली आहे. पण ती वरच्या मजल्यावरची पाहणी आहे. तेथून लादीच दिसते. पत्नीला, लेकरांना, घरकाम करणाऱ्या बाईला, हाताखालच्या कारकुनाला आपल्यामुळे काय सोसावे लागते, ते आपल्या आठवणीत उमटतच नाही, कारण ते त्यांच्या छतावर उमटते. म्हणून त्या परीक्षणात एका प्रश्नाची भर घालावी : आज माझ्याविषयी कोणी काही तक्रार केली काय, आणि तिचे मी काय केले? कोणीच तक्रार करीत नसेल, तर खाली उतरून एकदा विचारून यावे.