विस्मय आणि आज्ञा

कलकत्त्याच्या चौरंगीवरील इंडियन म्युझियमला बंगाली माणूस ‘जादुघर’ म्हणतो. उत्तरेत अशा वास्तूला अजायबघर म्हणतात, आणि आपल्याकडच्या जुन्या पिढीच्या तोंडी अजबखाना हा शब्द होता. वस्तुसंग्रहालय हा आपला आजचा शब्द अर्थदृष्ट्या अधिक नेमका खरा. परंतु तो केवळ वस्तूंविषयी बोलतो, पाहणाऱ्याविषयी काहीच सांगत नाही. लोकांनी दिलेली ती जुनी नावे पाहणाऱ्याच्या मनाची आहेत. १८१४ साली एशियाटिक सोसायटीने स्थापिलेल्या त्या संग्रहालयात खेड्यापाड्यांतून आलेली कुटुंबे आजही देवळात शिरावे तशी हलक्या पावलांनी शिरतात, ममीपुढे क्षणभर थबकतात, प्रचंड सांगाड्यांकडे मान वर करून पाहतात आणि बाहेर येऊन भेळमुरी खातात. त्यांना काय मिळाले, असे विचारले तर सुशिक्षित माणूस चटकन म्हणेल, काहीच नाही. आम्हांला तसे वाटत नाही. त्यांना विस्मय मिळाला, आणि विस्मय ही काही क्षुल्लक वस्तू नव्हे.

अडचण एवढीच, की विस्मयातून ज्ञान जन्मते तशीच अंधश्रद्धाही जन्मते. दोन्ही एकाच उदरातली भावंडे. ती नेमकी कोठे वेगळी होतात, हा प्रश्न संग्रहालये चालविणाऱ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून सोडवावयाचा आहे, आणि तो व्यवस्थेचा वाटला तरी वस्तुतः नीतीचा आहे. दुसऱ्या माणसाला चकित करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, आणि चकित केल्यानंतर त्याच्याविषयी आपले काही कर्तव्य उरते की नाही?

जादुघरात जागोजागी ‘हात लावू नये’ अशा पाट्या असतात. पुराणवस्तूंच्या बाबतीत त्या योग्यच आहेत. पण १९५९ च्या मे महिन्यात त्याच शहरात, गुरुसदय रोडवर, बिर्ला औद्योगिक आणि तांत्रिक संग्रहालय उघडले, आणि तेथे या पाटीचा अर्थ उलटा झाला. म्युनिक येथे ऑस्कर फॉन मिलर यांच्या पुढाकाराने १९०३ साली स्थापन झालेले डॉइचेस म्युझियम हा त्याचा आदर्श. दांडा फिरवावा, कळ दाबावी, चाक हलवून पाहावे. यंत्र स्वतःच आपले गुपित सांगेल, अशी ती कल्पना. पुढे बंगलोर, मुंबई, दिल्ली येथे अशीच केंद्रे निघाली आणि १९७८ साली त्यांच्यासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली.

हे सर्व चांगलेच झाले. तथापि कळ दाबणे म्हणजे जाणणे नव्हे. कोणत्याही विज्ञान केंद्रात तासभर उभे राहावे. मुलांचे लोंढे एका कळीवरून दुसऱ्या कळीवर धावत असतात. दिवा लागला की तो कशामुळे लागला हे वाचण्यास कोणी थांबत नाही. मागे त्यांचे गुरुजी रांग मोडू नये म्हणून ओठांवर बोट ठेवून उभे असतात. संग्रहालयाच्या लेखी गुरुजी म्हणजे गर्दी आणणारा मनुष्य, आणि गुरुजींच्या लेखी संग्रहालय म्हणजे सहल. या परस्पर समजुतीला सहकार्य हे नाव देण्याची रीत आहे. आम्हांला ती मान्य नाही. हात लावण्याची परवानगी मिळाली, विचारण्याची मिळाली नाही, तर अजबखान्याची जादू तेवढी विजेवर चालू लागली, इतकाच फरक.

त्याच बिर्ला संग्रहालयात कोळशाच्या खाणीची एक हुबेहूब प्रतिकृती आहे. तेथील अंधारात शहरी मुले हरखून जातात. आता राणीगंजकडचा एखादा खाणकामगार आपल्या नातवंडांना घेऊन तेथे आला, तर शिकविणारा कोण आणि शिकणारा कोण? हवा कोंदली की छातीला काय होते, छत बोलू लागले म्हणजे काय करावे, हे त्याला माहीत आहे; पाटीला माहीत नाही. लोकांपर्यंत विज्ञान पोचवावे असे आपण सहज म्हणतो, तेव्हा लोक ही एक रिकामी घागर आहे असे आपण गृहीत धरलेले असते. १९६५ साली याच संग्रहालयाने प्रयोगांची मांडणी मोटारीवर चढवून गावोगावच्या शाळांकडे नेण्यास प्रारंभ केला. लोकांना आपल्या दारी बोलाविण्याऐवजी त्यांच्या दारी जाणे यात एक सौजन्य आहे. परमुलखात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या आमच्यासारख्यांना दुसऱ्याच्या दारी जाण्याची रीत ठाऊक असते: आधी त्याची भाषा शिकावी लागते. पण दारी गेलेल्या पाहुण्याने केवळ स्वतःच बोलत राहावे काय, हा प्रश्न मोटारीने सुटत नाही.

या प्रश्नाचे खरे रूप दिसले ते भिंती नसलेल्या संग्रहालयात, म्हणजे आकाशात. १६ फेब्रुवारी १९८० रोजी दुपारी खग्रास सूर्यग्रहणाची छाया कारवार, हुबळी या बाजूने हैदराबादजवळून कोणार्क-पुरीकडे गेली. हैदराबादजवळची जपाल-रंगापूर वेधशाळा नेमकी त्या पट्ट्यात होती आणि शास्त्रज्ञ दुर्बिणी रोखून सज्ज होते. देश मात्र घरात बसला होता. जेथे ग्रहण केवळ खंडग्रास होते अशा मोठ्या शहरांतले रस्तेही ओस पडले. लोकांनी घरातच राहावे म्हणून दूरदर्शनने त्या दुपारी चित्रपट लावला होता, ही आठवण त्या पिढीचे अनेकजण सांगतात.

या घटनेवर हसणे सोपे आहे. पण जरा बारकाईने पाहावे. वडीलधारी माणसे सांगत होती, पाहू नका, दोष लागेल. डॉक्टर सांगत होते, पाहू नका, डोळे जातील. दुसरे कारण खरे आहे. खग्रासाचा तो अल्प काळ सोडला तर उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहणे नेत्रपटलास घातकच असते. परंतु खिडक्या लावून बसलेल्या मुलीच्या बाजूने विचार करा. तिच्यापर्यंत दोन आज्ञा आल्या, दोन्ही मोठ्या माणसांकडून, आणि दोन्हींचा मजकूर एकच. यांतली एक पोथीतून आली आणि एक प्रयोगशाळेतून, हे तिने कशावरून ओळखावे? विज्ञान आज्ञेच्या रूपाने आले तर ग्रहण करणाऱ्याच्या टोकाशी ते आणि अंधश्रद्धा यांत फरक राहत नाही. आज्ञा खरी असली तरीही.

२४ ऑक्टोबर १९९५ रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, पुन्हा खग्रास ग्रहण आले; या वेळी राजस्थानातील नीम का थाना येथून कलकत्त्याखालच्या डायमंड हार्बरपर्यंत. खग्रास अवस्था ठिकठिकाणी जेमतेम मिनिटभराची. या वेळी लोक मोठ्या संख्येने बाहेर पडले. मधल्या पंधरा वर्षांत बरेच घडले होते, आणि त्यांतला मोठा भाग शाळाशिक्षक, लोकविज्ञान चळवळीतले कार्यकर्ते, तारांगणांतली आणि विज्ञान केंद्रांतली माणसे यांच्या एकत्र कामाचा होता. सूर्याकडे पाहण्याचे सुरक्षित चष्मे वाटले गेले. पण आम्हांला चष्म्यापेक्षा पुठ्ठा अधिक महत्त्वाचा वाटतो.

पुठ्ठ्याला टाचणीने एक बारीक छिद्र पाडावे, सूर्याकडे पाठ करून उभे राहावे, आणि छिद्रातून आलेले ऊन एक मीटर अंतरावरच्या पांढऱ्या कागदावर घ्यावे. कागदावर सुमारे नऊ मिलिमीटर व्यासाचे वाटोळे पडते. ते छिद्राचे नव्हे, सूर्याचे चित्र आहे. छिद्र चौकोनी असले तरी ते वाटोळेच पडते, आणि ग्रहणात त्याला चंद्रकोरीची खाच पडते. येथे ‘पाहू नका’ या आज्ञेची गरजच उरत नाही, कारण पाठ सूर्याकडे आहे आणि तरीही सूर्य समोर आहे. याहून मौजेची गोष्ट अशी की हे यंत्र प्रत्येक गावात आधीपासूनच आहे. झाडाखाली पानांच्या फटींतून पडणारे कवडसे वाटोळे का असतात, हा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला असेल? ती सारी सूर्याची चित्रे आहेत. ग्रहणाच्या दिवशी गावच्या पारावर शेकडो कोरी पसरलेल्या असतात; पिढ्यान्पिढ्या त्या पडत आल्या आणि पिढ्यान्पिढ्या आपण त्या वेळी घरात होतो.

चांगला शिक्षक येथेच थांबत नाही. एक मीटरला नऊ मिलिमीटर, तर पंधरा कोटी किलोमीटरला किती? त्रैराशिक मांडले की उत्तर चौदा लाखांच्या आसपास येते. सातवीतल्या मुलीने पट्टीने सूर्याचा व्यास मोजला. पण प्रामाणिक शिक्षक तिला हेही सांगेल, की पंधरा कोटी हा आकडा मात्र आपण आज विश्वासावर घेतला. विज्ञानातही विश्वास लागतो. फरक इतकाच, की येथे विश्वास कोठे ठेवला ती जागा बोट ठेवून दाखविता येते, आणि उद्या तेथेच ‘कशावरून?’ असे विचारता येते. संग्रहालयाने छिद्राचा पुठ्ठा द्यावा आणि शिक्षकाने ती जागा दाखवावी, ही आमच्या मते खरी वाटणी. त्यात दोघांनाही आपल्या अधिकाराचा काही अंश सोडावा लागतो, आणि म्हणूनच ती क्वचित घडते.

ती मोठ्या प्रमाणावर घडविण्याचा एक प्रयत्न मध्य प्रदेशात झाला. १९७२ साली होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यातील सोळा शाळांत किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी शासनाच्या संमतीने विज्ञान शिकविण्याची निराळी पद्धत सुरू केली. विद्यापीठांतले आणि संशोधन संस्थांतले वैज्ञानिक गावच्या गुरुजींबरोबर बसू लागले. मुले चार-चारांच्या टोळ्यांनी प्रयोग करीत. साहित्याची पेटी हेच त्यांचे संग्रहालय. परीक्षेत पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती. मुलांनी आपले प्रश्न ‘सवालीराम’ नावाच्या एका काल्पनिक गृहस्थास पत्राने पाठवावेत आणि त्यांना उत्तर मिळावे, अशीही योजना होती. गुरुजींना ‘मला ठाऊक नाही, आपण पाहू’ असे वर्गात म्हणता येऊ लागले. आपल्या समाजात गुरूच्या मुखी हे वाक्य किती अवघड आहे, हे वाचकांस सांगावयास नको. १९७८ पर्यंत हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला, १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे चालविला.

२००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. आपल्या जिल्ह्यातली मुले इतरांच्या मागे पडतात, अशी तक्रार स्थानिक लोकप्रतिनिधींकडून होत होती. शासनाच्या निर्णयावर पुष्कळांनी टीका केली, आणि आम्हीही त्या टीकेच्याच बाजूचे आहोत. परंतु ज्या समाजाला सहभागी करून घ्यावयाचे, तोच म्हणाला की आमच्या मुलांना चारचौघांसारखे पुस्तक आणि चारचौघांसारखे गुण हवेत, तर त्याला अडाणी म्हणण्याचा हक्क आपणांस पोचत नाही. एका बापाने मुलाच्या नोकरीचा विचार करणे हा विज्ञानद्रोह नव्हे. प्रश्न विचारा, असे लोकांना सांगावयाचे आणि त्यांनी आपल्याच पद्धतीला प्रश्न विचारला की रुसावयाचे, हेही एका अर्थी ‘पाहू नका’ असेच म्हणणे झाले. तीस वर्षांत मुलांना पुठ्ठा दिला गेला. त्यांच्या आईबापांना आणि पंचांना तो कितपत दिला गेला होता, याचा शोध त्या कार्यक्रमाच्या चाहत्यांनी अजून पुरता घ्यावयाचा आहे.

जिल्ह्यातून कार्यक्रम गेला तरी ‘एकलव्य’चे शिक्षकांसाठीचे हिंदी ‘संदर्भ’ चालू राहिले, आणि त्याच्या प्रेरणेने पुण्यात ‘शैक्षणिक संदर्भ’ हे मराठी नियतकालिक निघाले. नर्मदाकाठी हिंदीत सुरू झालेले बोलणे अशा रीतीने सह्याद्रीपर्यंत येऊन पोचले. साठ मुलांचा वर्ग आणि वर शिरगणतीचे कागद सांभाळणाऱ्या शिक्षकाला ते उघडून पाहण्यास संध्याकाळी कितीशी उसंत मिळते, हे मात्र त्यालाच विचारावयास हवे.