चालतंय म्हणजे काय चालतंय?

“चालतंय की ओ. कशाला हात लावताय?”

कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेचे व्यवस्थापक गेल्या महिन्यात मला असं म्हणाले. त्यांच्या काउंटरवरचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं आणि त्याच्या सगळ्या स्क्रीन ज्या फ्रेमवर्कवर उभ्या आहेत, त्याचं व्हर्जन चार पायऱ्या मागं पडलंय. ते वर आणू या, एवढंच सांगायला मी गेलो होतो. पण आमच्याकडं ‘चालतंय की’ला उत्तर नसतं. त्यात होकार असतो, दिलासा असतो आणि विषय इथं संपला हेही असतं. मी चहा पिऊन उठलो. भांडण सुरू झालं ते घरी आल्यावर, मनातल्या मनात.

माझी बाजू काय होती ते सांगायला फार वेळ लागत नाही. गूगलनं अँग्युलरजेएस या फ्रेमवर्कचा सांभाळ 2021च्या अखेरीस थांबवला. व्ह्यू 2 या दुसऱ्या फ्रेमवर्कची मुदत 31 डिसेंबर 2023ला संपली. मुदत संपली की सापडलेलं भोक बुजवायला मूळ मंडळी येत नाहीत, आणि पतसंस्थेच्या स्क्रीनवर लोकांचे पैसे असतात. एवढं पुरे.

व्यवस्थापकांची भीतीही मला कळते. सप्टेंबर 2016मध्ये अँग्युलर 2 आलं तेव्हा नाव जुनंच होतं, पण घर पायापासून नवं होतं. जुन्यात लिहिलेलं काम सरळ उचलून नव्यात ठेवता येत नव्हतं. ज्यांनी तो काळ काढला, त्यांच्या मनात अपग्रेड हा शब्द तेव्हापासून घर पाडण्याच्या जवळचा आहे. पुढं अँग्युलरवाल्यांनी रीत बदलली: साधारण सहा महिन्यांनी एक मोठं व्हर्जन, एका वेळी एकच पायरी, आणि कोडमधले बरेचसे बदल आपोआप करून देणारी आज्ञा सोबत. रिअॅक्टवाल्यांनी तर ऑक्टोबर 2020मध्ये 17वं व्हर्जन काढलं ते वापरणाऱ्यांसाठी एकही नवी सोय न घालता. एकाच पानावर दोन व्हर्जन सुखानं नांदावीत आणि पुढची उडी छोटी व्हावी, यासाठी ती सगळी खटपट. मला ते व्हर्जन फार आवडतं. गवंड्यानं एक अख्खा हंगाम फक्त परांची बांधण्यात घालवावा आणि त्याला काम म्हणावं, यातला समजूतदारपणा आमच्या धंद्यात दुर्मीळ आहे.

मग आपलं गाडं अडतं कुठं? दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली, ती इथं सांगायला हवी. दुसऱ्या एका ठिकाणी मी असंच एक व्हर्जन वर नेलं. एका वेळी एक पायरी चढलो, लायब्ऱ्यांचे आकडे गोठवून ठेवले, प्रत्येक पायरीवर टेस्ट चालवल्या, सगळ्या पास. सोमवारी सकाळी काउंटर उघडला आणि अर्ध्या तासात रांग दारापर्यंत गेली. नव्या व्हर्जनमधल्या चौकटी थोड्या उंच झाल्या होत्या. माझ्या मोठ्या स्क्रीनवर ते सुबक दिसत होतं. कॅशियरबाईंच्या जुन्या, छोट्या मॉनिटरवर मात्र ‘जतन करा’ हे बटण तळाच्या खाली गेलं. दर पावतीला त्यांना माउस धरून स्क्रीन वर सरकवावी लागत होती. काहीही बंद पडलेलं नव्हतं. अकरा वाजता मी जुनं व्हर्जन परत चढवलं.

त्या दिवसापासून मी एक भेद धरून बसलोय: करार वेगळा, सवय वेगळी. फ्रेमवर्क बनवणारा करार पाळतो. व्हर्जनच्या तीन आकड्यांतला पहिला बदलला की करार बदलला समजावं. दुसरा बदलला की भर पडली, तिसरा बदलला की दुरुस्ती झाली. आमच्या टेस्टही करारच तपासतात. पण माणसं कराराशी संसार करत नाहीत, सवयीशी करतात. बटण कुठल्या उंचीवर आहे, टॅब तीनदा दाबला की रक्कम येते, पावती निघायच्या आधी स्क्रीन क्षणभर थबकते, यातलं काहीच कुणी कबूल केलेलं नसतं. तरी त्यावर कुणाचा तरी हात बसलेला असतो. गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट या अभियंत्याच्या नावानं हा नियमच ओळखला जातो: वापरणारे पुरेसे झाले की तुमच्या वस्तूचं दिसणारं प्रत्येक वागणं कुणाच्या तरी आधाराचं होतं, मग करारात काहीही लिहिलेलं असो.

इथं मला बंधारा आठवतो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही आमच्या नद्यांवरची, नावासकट दूरवर पोचलेली गोष्ट. दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या. पाऊस ओसरला की बरगे घालायचे, पुढच्या पावसाआधी काढायचे. खांब कायमचे आणि बरगे दरवर्षी निघणार, हे बांधणाऱ्यानं पहिल्याच दिवशी ठरवलेलं असतं, म्हणून काढताना कुणी घाबरत नाही. घाई झाली आणि परतीचा पाऊस आला तर अडलेलं पाणी शिवारात शिरतं. उशीर झाला तर नदीत पाणीच उरत नाही. अपग्रेडलाही असा हंगाम असतो. पतसंस्थेत मार्चएंडला कुणी सॉफ्टवेअरला हात लावू नये, हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही.

आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे दोन आकडे तर इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 आणि 2021मध्ये पंचगंगा 55च्या वर गेली, तेव्हा ‘मागच्या वेळी आमच्या गल्लीत आलं नव्हतं’ म्हणत थांबलेली घरं आम्ही पाहिली. हे आकडे कोरड्या दिवसांत ठरलेले असतात, म्हणून तर त्यांचा उपयोग. दोन वर्षांपूर्वी नवं व्हर्जन चढवण्याआधी माझ्याकडं असे आकडे नव्हते. किती पावत्या रखडल्या की इशारा, किती रखडल्या की मागं फिरायचं, हे मी रांग बघून ठरवत बसलो. जुनं व्हर्जन जपून ठेवलं होतं, एवढंच नशीब.

हे सगळं मी व्यवस्थापकांच्या विरोधात जुळवत होतो. बरगे दरवर्षी काढले असते तर चार पायऱ्यांचं साचलं नसतं, असं त्यांना सुनवायचं होतं. पण सवयीचा भेद खरा मानला, तर त्यांचं वाक्य मला वाटलं तेवढं आळसाचं राहत नाही. ‘चालतंय’ म्हणजे नेमकं काय चालतंय, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या टेस्टनाही ठाऊक नव्हतं. ते फक्त त्या काउंटरला ठाऊक आहे. ज्याला ते सांगता येत नाही त्यानं हात लावू नये, असं ते म्हणत असतील, तर मी त्यांच्या बाजूचा आहे. कायमचा नव्हे, सुटलेली भोकं वाट बघत बसत नाहीत. पण या महिन्यापुरता नक्की.

काल त्यांना फोन केला. अपग्रेडचं राहू दे, काउंटरमागं एक खुर्ची द्या म्हटलं. सोमवारचा दिवस मागून घेतला, कारण शनिवार-रविवारचा पिग्मीचा भरणा त्या दिवशी येतो. ते हसले आणि फोन कॅशियर ताईंकडं दिला. रक्कम घालताना तुम्ही आधी काय बघता, एवढंच मी विचारलं.

“नाव बघतच नाही मी. रक्कम घालते, एंटर मारते, मग वरच्या कोपऱ्यात शिल्लक बदलली का ते बघते.”

त्या कोपऱ्यातली शिल्लक नव्या व्हर्जनमध्ये मी खाली, पावतीशेजारी आणणार होतो. वहीत पहिली नोंद तीच आहे.